जुन्या घराचं नवं तोंड

मी खांब पाडणार नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण पुढची सगळी हकिगत ऐकून घेतल्यावर लोक मला "झालं ते झालं सर, आता पाडून टाका" असंच म्हणतात आणि माझा वेळ फुकट जातो. खांब चार आहेत, गोल आणि चौदा फुटी. त्यांच्यावर एक त्रिकोण आहे. आणि हे सगळं शिक्षक कॉलनीतल्या आमच्या दहा फूट उंचीच्या घरापुढे उभं आहे. गावाचं नाव सांगत नाही. नांदुऱ्याहून एसटीने पाऊण तास लागतो, एवढं पुरे. आमच्या नगर परिषदेच्या मुख्याधिकारी साहेबांना वाचनाची आवड आहे असं ऐकून आहे.

ज्या कागदाने मला या उद्योगाला लावलं तो नांदुऱ्याच्या स्टेशनाजवळ मिळाला. मी आणि माझी बायको प्रेमला पुण्याहून परत येत होतो. आमचा मुलगा शंतनु पुण्यात असतो. त्याने नवा फ्लॅट दाखवायला बोलावलं होतं आणि दाखवता दाखवता एका खोलीपाशी थांबून "ही तुमची" म्हणाला. खोली चांगली होती. खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांचं टक्कल दिसत होतं. शंतनुचं म्हणणं सरळ होतं. गावचं घर पस्तीस वर्षांचं झालं, ते दिवाळीच्या आत विकायचं, घेणारा ते पाडून दुकानांचे गाळे काढील, आणि आम्ही या खोलीत येऊन राहायचं. "बाबा, त्या घरात आता ठेवलंय काय?" असं त्याने विचारलं. त्या घरात मला ठेवलेलं होतं, पण ते त्याच्या लक्षात आलं नसावं. प्रेमला काहीच बोलली नाही. ती गप्प आहे म्हणजे तिला यायचंय, असं मी धरून चाललो आणि गाडीत बसलो.

नांदुऱ्याला उतरलो तर एसटीला तास होता. मी हायस्कुलात चौतीस वर्षं चित्रकला शिकवली. अशा माणसाला रद्दीच्या दुकानात शिरण्यासाठी कारण लागत नाही. तिथे जुन्या पंचांगांखाली एक मोठा, जाड, कडांना तपकिरी पडलेला कागद होता. दुकानदार म्हणाला, "कापसाच्या कोण्या सायबाच्या बंगल्यातला माल होय तो. घेऊन जा सर. समोशाले कामाचा नाई, जाड पडते."

समोशाच्या कामाचा नव्हता, कारण ते ताम्रपट्टीचं छापचित्र होतं. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा कोरायच्या, रेघांत शाई भरायची आणि ओल्या कागदावर पत्रा दाबायचा, अशी ती कला. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर अजून बोटाला लागत होता. सतराशे सालातलं, विलायतेतल्या कुठल्या तरी जमीनदाराच्या घराचं चित्र. रेघ इतकी बारीक आणि इतकी सरळ, की चौतीस वर्षांत नववी ब ने काढलेल्या सगळ्या रेघा मला एकदम आठवल्या आणि वाईट वाटलं.

पण खरी गंमत पुढेच होती. चित्रावर एक कागदी झडप चिकटवलेली होती. झडप खाली असली की विटांचं वेडंवाकडं जुनं घर दिसे, तिरपं छप्पर आणि पाच धुराडी असलेलं. झडप उचलली की त्याच जागी, त्याच झाडांमध्ये, चार गोल खांबांचं आणि वर त्रिकोण असलेलं रोमन थाटाचं घर. मी झडप दहा वेळा वर-खाली केली. मग माझ्या लक्षात आलं की त्रिकोणाच्या मागे पाचही धुराडी जागच्या जागी आहेत. म्हणजे त्या जमीनदाराने घर पाडलेलं नव्हतंच. तो इटलीला जाऊन आला, खांब बघून आला, आणि आजोबांच्या घराच्या तोंडावर त्याने नवीन तोंड बसवलं. मागे तेच स्वयंपाकघर, तेच गळकं छप्पर, तीच सासू. एसटीत बसेपर्यंत माझा निश्चय झाला. घर जुनं झालंय ना? मग तोंड नवं करू. नव्या तोंडाचं घर पाडायला कोण येतो ते बघतोच.

प्रेमलाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "करा." तिला हे मान्य आहे, का ती माझ्याविषयी निराश झालीय, ते कळलं नाही. तीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात नक्कल विभागात काढल्यामुळे तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

सगळ्यात आधी परवानगी. नगर परिषदेच्या अर्जात 'बांधकामाचा प्रकार' या रकान्यात चार पर्याय होते: निवासी, व्यापारी, धार्मिक आणि कुंपण भिंत. मी लिपिकाला नकाशा दाखवला. त्याने तो आडवा धरला, उभा धरला.

"वरतं तिकोन हाये, म्हणजे धार्मिक," तो म्हणाला.

"कळस नाही," मी म्हणालो.

"मंग निवासी. राह्याचं कुठीसा? खांबात?"

"राहायचं मागच्या घरात. हा फक्त दर्शनी भाग आहे."

"दर्शन हाये मंग धार्मिकच." असा आमचा वाद जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालला. शेवटी त्याने दया येऊन 'कुंपण भिंत' यावर खूण केली. माझ्या आयुष्यातल्या एकमेव कलाकृतीला कायद्याने कुंपण म्हटलं गेलं. मी सही केली.

भागवत मिस्त्री आमच्या भागातला खांबांचा माणूस. पंचक्रोशीत जेवढे सभामंडप झाले त्यांतले बरेच त्याच्या हातचे. तो नकाशा वाचत नाही. तो जागा बघतो, विडी ओढतो आणि दोरी लावतो. मी त्याला छापचित्र समजावून सांगितलं. खांब सरळसोट नसतो, मधे जरासा फुगीर असतो, त्यामुळे लांबून डोळ्याला तो सरळ दिसतो, ही प्राचीन लोकांची युक्ती वगैरे. भागवतने मनापासून ऐकून घेतलं.

"म्हणजे खांबाले पोट पाह्यजे."

"जरासं. दिसलं नाही पाहिजे."

"दिसाचं नाई तं काढाचं काऊन?"

भागवतने फळीचा फरमा कापला आणि पहिला खांब झक्क उतरला. दुसऱ्या खांबाच्या वेळी फरमा ओला झाला, तिसऱ्याच्या वेळी तो फुगला आणि चौथ्याच्या वेळी मोडला. चौथा खांब भागवतने नुसत्या नजरेने काढला. परिणामी आमच्या खांबांची पोटं डावीकडून उजवीकडे वाढत जातात. मी तक्रार केली तेव्हा भागवत दुखावला. "सर, एका मायचे चार भाऊ तरी सारखे असतेत का?" असं म्हणून त्याने दुपारचा डबा माझ्याकडे पाठ करून खाल्ला.

उंचीची भानगड मात्र माझी. विलायतेतलं ते घर चांगलं शंभर फूट रुंद, आमचं अठ्ठावीस. सगळं त्याच प्रमाणात लहान केलं तर चित्र अचूक येत होतं, पण दरवाजा माझ्या कमरेएवढा होत होता. "आत रांगत जायचं का?" असं प्रेमलाने शांतपणे विचारलं. म्हणून मी रुंदी कमी केली तेवढी उंची कमी केली नाही. त्यामुळे त्रिकोण घराच्या चार फूट वर गेला. त्याच्या मागे घर नाही, आभाळ आहे, आणि पडू नये म्हणून लावलेल्या लोखंडी कैच्या आहेत. समोरून काही कळत नाही. मागून फक्त शेजारच्या जानरावांच्या गच्चीवरून दिसतं. आणि जानराव सकाळी सहापासून गच्चीवरच असतात.

जानराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी साधं बोलताना ते गाडी फलाटाला लावल्यासारखे बोलतात. "मास्तर, मांगून पाह्यलं तं नाटकाचा पडदा दिसून राह्यला!" ही घोषणा तीन गल्ल्यांनी ऐकली. त्यानंतर सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. जानराव म्हणाले टाइल लावा, खालून कुत्र्याने खराब केलं तर पुसता येते. त्यांच्या पुष्पाबाई म्हणाल्या, त्रिकोणात गणपती बसवा, नाही तर रिकाम्या कोनात काहीबाही येऊन बसतं. (कबुतरं आली. त्यांनी सांगितलेलं काहीबाही तेच असावं.) कोपऱ्यावरच्या गृहस्थांना खांब नारिंगी पाहिजे होते. मी सगळ्यांना छापचित्र दाखवायचो, झडप उचलायचो. लोक झडप दोनदा वर-खाली करायचे, "वा वा" म्हणायचे आणि पुन्हा टाइलवर यायचे. मे महिन्यात पायऱ्या तयार झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांवर पुष्पाबाईंच्या कुरडया वाळत पडलेल्या होत्या. "चार पायऱ्या हायेत न् ऊन बी सरळ पडते, मले बहू आवडल्या," असं त्यांनी मला भेटून सांगितलं. माझ्या दर्शनी भागाची एवढी मनापासून स्तुती तोवर कुणी केली नव्हती, म्हणून मी कुरडया तशाच राहू दिल्या.

भागवतने सगळ्यात वर, त्रिकोणाच्या टोकाला, दृष्ट लागू नये म्हणून काळं मडकं टांगलं. त्यावर चुन्याने डोळे आणि दात काढले होते. मी ते काढायला सांगितलं. तो म्हणाला, माझा हात लागलेल्या कामाला मडकं राहीलच, नाही तर पुढे जे होईल ते तुमच्यावर. ते अजून आहे.

काम जूनमध्ये संपलं आणि जुलैत गोजरबाई आल्या. सकाळी दार उघडलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मधे, पायरीवर, एक म्हाताऱ्या बाई प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"सायेब कधी येतेत?" त्यांनी विचारलं.

"कुठले साहेब? हे माझं घर आहे."

त्यांनी खांबांकडे पाहिलं, मग माझ्या बनियनकडे पाहिलं. "खांब हायेत नं," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "खांब हायेत तं कचेरीच. मले घाई नाई, बसतो मी."

चूक त्यांची नव्हती. आमच्या तालुक्यात जिथे जिथे गोल खांब आहेत तिथे तिथे आत टेबल आहे आणि टेबलामागे साहेब आहे. इंग्रजाने तेवढ्यासाठीच ते बांधून ठेवले. घरासमोर कोणी हौसेने खांब लावील, हे कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात येणार नाही. मी त्यांना तहसीलचा रस्ता सांगत होतो, तेवढ्यात प्रेमला बाहेर आली. तिने पिशवीतला अर्ज बघायला मागितला. नवरा वारला, त्याच्या जागी सातबाऱ्यावर वारसाची नोंद व्हायची होती, तीन वर्षं कोणी दखल घेत नव्हतं. प्रेमलाने अर्ज वाचला. तिच्या कपाळाला अशी आठी पडली जी मी निवृत्तीनंतर पाहिली नव्हती. "गट नंबर चुकलाय. तीन वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या शेतावर नाव लावायला सांगताय," ती म्हणाली, आणि खुर्ची, टेबल आणि चष्मा बाहेर घेऊन आली.

आठ दिवसांनी गोजरबाई गवारीच्या शेंगा घेऊन आल्या. सोबत त्यांच्या गावची चार माणसं होती. त्यानंतर मी मोजणं सोडून दिलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी दहा ते एक. पहिल्या खांबापासून रांग लागते, चौथ्या खांबापाशी प्रेमला. (चौथा खांब सगळ्यात जाड, त्याची सावली जास्त पडते. भागवतला हे कळलं तेव्हा तो पेढे घेऊन आला.) माझी अवस्था काय सांगू? ज्या माणसाने हा सगळा दर्शनी भाग उभा केला, त्या माणसाला एक शेतकरी म्हणाला, "ओ शिपाईभाऊ, बाईसायबाले सांगा, आमाले दोनची गाडी हाये." मी शिपाई नाही, मी वास्तुकार आहे, असं त्याला सांगणार होतो. पण त्याला खरोखरच दोनची गाडी होती. मी चौथ्या खांबापाशी जाऊन सांगितलं आणि येताना घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आलो.

सप्टेंबरात नोटीस आली. 'कुंपण भिंत' म्हणून परवानगी घेतलेल्या बांधकामाची उंची नऊ फूट जास्त आहे, आणि खांब रस्त्याच्या हद्दीत पंधरा इंच पुढे आहेत, सबब पंधरा दिवसांत पाडावेत. मी ती वाचली आणि बाहेर जाऊन खांब पुन्हा एकदा मोजले. चौदा फूट, चार खांब; मला आयुष्यात दुसरं काही उभं करता आलेलं नव्हतं. आणि त्याच आठवड्यात शंतनुचा फोन आला की गिऱ्हाईक मिळालंय, रविवारी घेऊन येतो.

रविवारी सगळेच आले. शंतनु आला. सोबत पांढऱ्या शर्टातले, मलकापूरकडचे एक गाळेवाले गृहस्थ आले. नगर परिषदेचे अभियंता दीपक आले. हा माझा विद्यार्थी. चित्रकलेत त्याला मी क श्रेणी दिली होती आणि ते तो विसरलेला नव्हता. सुट्टीच्या दिवशी का, तर मोजमापाला गर्दी नको. जानराव अर्थातच गच्चीवर होते.

दीपकने फीत लावली. "पंधरा इंच, सर. बरोबर पंधरा." मग त्याने फाइलमधून एक छापील कागद काढला. "हे संमतीपत्र हाये. खांब सोताच्या मर्जीने पाडतो म्हून सही करा. आठ दिवसांत फाइल बंद. मले बी तरास नाई, तुमाले बी नाई."

गाळेवाले म्हणाले, "हे मिटलं तं मी तयार हाये. वादाच्या जागेत मी पाय टाकत नसतो."

शंतनु माझ्याजवळ आला. तो वाईट मुलगा नाही, हे लिहून ठेवतो. त्याचा आवाज मऊ होता. "बाबा, सही करा. इथे तुम्ही दोघं एकटे. रात्री-बेरात्री काही झालं तर मी पुण्याहून पोहोचेपर्यंत..." त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. या एका वाक्याला मी वर्षभर घाबरून होतो, आणि खांब उभे केले ते याच वाक्याच्या समोर.

मी पेन घेतलं. खांबांकडे बघितलं नाही. प्रेमलाकडे बघून म्हणालो, "तुला जायचंय म्हणून करतोय. माझ्यासाठी नाही."

"मला जायचंय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तू काही बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत," प्रेमला म्हणाली. "शंतनुने विचारलं नाही. दोघांनी आपापसात ठरवलंत, मी कुठे असणार ते. चाळीस वर्षं नक्कल काढली मी, लोकांच्या घराची, लोकांच्या शेताची. मला कोणी कधी विचारलं का, की बाई, तुमचं कुठे आहे?" तिचा आवाज चढला होता. तो चढलेला शंतनुनेच काय, मीही ऐकला नव्हता. "माझं इथे आहे. या चौथ्या खांबापाशी. आणा ते पेन."

नोकरी तीस वर्षांचीच होती, पण त्या क्षणी कोणी दुरुस्ती केली नाही.

तिने संमतीपत्र पालथं केलं, मग मत बदलून कोरा कागद मागवला, आणि उभ्या उभ्या, त्याच खांबावर कागद टेकवून लिहायला लागली. लिहून झाल्यावर तिने मोठ्याने वाचून दाखवलं. आमची हरकत आहे. खांब रस्त्यात पंधरा इंच आले की रस्ता आमच्यात पंधरा इंच आला, हे आधी ठरावं. त्यासाठी शिक्षक कॉलनीच्या या संपूर्ण ओळीची शासकीय मोजणी करून रस्त्याची हद्द कायम करून द्यावी. तोपर्यंत कोणत्याही बांधकामाला हात लावू नये.

"सगळ्या ओळीची?" दीपकच्या हातातली फीत सर्रकन आत गेली.

"सगळ्या ओळीची!" गच्चीवरून जानराव ओरडले. त्यांचा ओटा रस्त्यात चार फूट आहे, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. "ओ वहिनी, आमचं काऊन मधात आणून राह्यल्या?"

"बाई," दीपक हळूच म्हणाला, "या ओळीत नगराध्यक्षसायबांचं बी घर हाये."

"मला माहीत आहे. उतारा मीच काढून दिला होता," प्रेमला म्हणाली. "या प्रतीवर पोच द्या. तारीख टाका. वेळही टाका."

दीपकने पोच दिली. क श्रेणीच्या मुलाने इतकी सुबक सही केलेली मी प्रथमच पाहिली. गाळेवाले गृहस्थ कधी गेले ते कळलंही नाही. शंतनु पायरीवर बसला. मग म्हणाला, "आई, अशा मोजणीला किती दिवस लागतात?"

प्रेमलाने चष्मा पुसला. "मी नोकरीला लागले तेव्हा अशाच एका गल्लीचं प्रकरण आलं होतं. मी निवृत्त झाले त्या महिन्यात त्याची दुसरी तारीख होती."

"म्हणजे तीस वर्षं?"

"आम्हाला तितकीशी लागणार नाहीत," ती म्हणाली. "तू येत जा. पण न्यायला येऊ नकोस, राहायला ये."

शंतनुने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय असं वाटून मी जवळ गेलो, तर तो हसत होता, आणि जरा वेळाने दोन्ही करत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मला मात्र एका गोष्टीची धास्ती होती. आजकाल सगळं संगणकावर झालंय. समजा चुकून वर्षा-दोन वर्षांतच मोजणी उरकली आणि निकाल आमच्या विरुद्ध गेला, तर? हे मी प्रेमलाला विचारलं.

"जाऊ द्या की," ती कोऱ्या कागदांचा गठ्ठा नीट करत म्हणाली. "मग मोजणीवर हरकत घेऊ."